१ लाख ४ हजार किलोमीटर झालेली बॉक्स्टर रोज चालवायला घ्यावी का? (निपाणी–बेळगाव)

निपाणीचा गडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदाच विचारतोय.

निपाणीत आमचं ट्रॅक्टरच्या पार्टांचं दुकान आहे. बेळगावात दुसरं काउंटर काढल्यापासून आठवड्यातून चार वेळा जाणं-येणं होतं, एका फेरीला दीडशे किलोमीटर. सध्या डिझेल स्विफ्ट आहे. तिचे २ लाख १० हजार झालेत आणि ती बिचारी काही तक्रार करत नाही. पण कॉलेजात असताना कोल्हापुरात रंकाळ्यावर चांदीच्या रंगाची, टप उघडलेली एक दोन सीटची गाडी बघितली होती, तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय. बायको म्हणते, किडा नव्हे, अळी आहे ती, सगळी पानं खाऊनच थांबणार.

तर आता दोन गाड्या डोळ्यासमोर आहेत. दोन्ही पोर्शं बॉक्स्टर, तसल्याच टप उघडणाऱ्या दोन सीटच्या, २००८ च्या, २.७ लिटरच्या, मॅन्युअल गिअरच्या.

पहिली पुण्यात. १ लाख ४ हजार किलोमीटर, दोन मालक, मागणी १९ लाख. पुढच्या बंपरवर खडीचे बारीक टवके, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड झिजलेली, आत थोडा वापरलेल्या घरासारखा वास. मालकानं बिलांची जाडजूड फाइल दाखवली, मी वरवर चाळली.

दुसरी मुंबईत, एका व्यापाऱ्याकडे. १९ हजार किलोमीटर फक्त. मागणी साडेसव्वीस. “डॉक्टरसाहेबांची गाडी, रविवारीच बाहेर काढायचे.” रंग असा की आपलं तोंड दिसावं. फाइल नाही, एक सर्व्हिस बुक आहे आणि त्यात चार शिक्के.

घरात, दुकानात, चहाच्या गाड्यावर, जो तो म्हणालाय दुसरीच घे. बाबा तर पहिलीचा आकडा ऐकूनच उठून गेले. “लाखावर गेलेली शर्यतीची गाडी म्हणजे दात पडलेला बैल. बाजारात उभा राहतो, औताला नाही.”

माझं मन मात्र पहिलीवर आहे. कारण सांगता येत नाही. साडेसात लाखांचा फरक हे एक कारण आहेच, पण तेवढंच नाही. पुण्याची गाडी चालू केली तेव्हा मालक बाजूला उभा राहून फोनवर बोलत होता, त्याला कसली धास्तीच नव्हती. मुंबईच्या गाडीला व्यापाऱ्यानं मी पोचायच्या आधीच अर्धा तास चालू करून ठेवलं होतं.

लाखावर गेलेली अशी गाडी आपल्या भागात कुणी नेमानं वापरतं का? आणि वापरत असेल तर दुरुस्ती कोण करतं?

———

तवंदीचा वारा

वापरतं का? अरे, गळितात तवंदी घाटात ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्या बघितल्यास का, मागं लाइट नाही, रिफ्लेक्टर नाही. तुझी गाडी कमरेएवढी. ट्रॉलीखालनं आरपार निघशील, वरचा ऊस टपावर घेऊन. टप कापडाचा असतो ना तिचा? मग रसवंतीच टाक.

चेष्टा सोड. मी स्वतः घेतली नसती, पण घेतलीस तर एक चक्कर दे.

———

उद्यमबागचा लेथवाला

निपाणीच्या गड्या, तुझे बाबा दात बघा म्हणतात ते बरोबरच आहे की. पण त्यांनी दात कुठं बघितले? नुसतं वय ऐकलं आणि उठले.

आधी माझं सांगतो. बेळगावात उद्यमबागेत तीन लेथ, एक जुनं मिलिंग, एक सीएनसी. हायड्रॉलिक सिलिंडरचे पार्ट करून देतो. वय ५३. २००७ ची बॉक्स्टर, तीच २.७ मॅन्युअल, २०१६ साली बेंगळुरूहून आणली तेव्हा ८८ हजार झाले होते. काल संध्याकाळी गेटात लावली तेव्हा १ लाख ६७ हजार ४००. म्हणजे मधले ७९ हजार ४०० माझे. शिरोली एमआयडीसीला गिऱ्हाईक आहे, वेर्ण्याला आहे, हत्तरगीला आठवड्यातून एकदा असतोच. सगळं त्याच गाडीनं. फक्त अनगोळचं घर ते कारखाना हे चार किलोमीटर मी स्कूटरनं जातो. चार किलोमीटरात इंजिनातलं ऑइल तापतच नाही. न तापलेल्या ऑइलात पाणी साठतं, पेट्रोल साठतं, ते उडून जात नाही. या गाडीला लांब पळवून आणलेलं चालतं, गल्लीत फिरवलेलं चालत नाही.

आता तुझ्या दोन गाड्या. २००८ ची म्हणजे तुझं इंजिन आणि माझं इंजिन एकच. त्याचं एक दुखणं जगभर बदनाम आहे, ते तुला कुणी ना कुणी सांगून घाबरवणार, म्हणून मीच सांगतो. इंजिनात क्रँकशिवाय, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या मुख्य शाफ्टशिवाय, आणखी एक मधला शाफ्ट असतो. क्रँक त्याला चेननं फिरवतो, तो पुढं व्हॉल्व उघडणाऱ्या कॅमशाफ्टच्या चेन फिरवतो. या शाफ्टच्या क्लचकडच्या टोकाला एक बॉल बेअरिंग बसवलंय, सीलबंद. आता आम्हा लेथवाल्यांना यात हसू येतं. बेअरिंग बसलंय ऑइलच्या आंघोळीत, पण सील लावल्यामुळं त्याला त्या ऑइलचा थेंब मिळायचा नाही, आतल्या ग्रीसवर जन्म काढायचा. वर्षं गेली की सील कडक होतं, ऑइल थोडं आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, आणि मग धड ग्रीस नाही, धड ऑइल नाही. बेअरिंग गेलं की शाफ्ट डुलतो, चेन वेळ चुकवते, व्हॉल्व पिस्टनवर आपटतात. इंजिन संपलं.

ही अर्धी गोष्ट. दुसरी अर्धी कुणी सांगत नाही. २००५ पर्यंतच्या गाड्यांत हे बेअरिंग लहान होतं, खरं रडगाणं त्यांचं. २००६ ते २००८ मध्ये मोठं घातलं, ते जाण्याचं प्रमाण फारच कमी. मात्र ते बदलायचं म्हटलं तर इंजिन दोन फाकांत उघडावं लागतं, तेवढं लक्षात ठेव. २००९ पासून इंजिनच नवीन आलं, त्यात हा शाफ्टच नाही. आणि २.७ ला दुसरा एक फायदा आहे: सिलिंडरच्या भिंतीला ओरखडे पडायचं जे दुखणं ३.४ मध्ये दिसतं, ते यात क्वचित.

मी क्लच बदलला तेव्हा गिअरबॉक्स खाली होताच. बेअरिंगचं बाहेरचं सील हुकानं अलगद ओढून काढलं आणि बेअरिंग उघडं ठेवलं. आता त्याला ऑइल मिळतं. १ लाख २१ हजारला केलं होतं. अजून फिरतंय.

आता मला सांग, असलं बेअरिंग कुठल्या गाडीत लवकर खराब होईल? जी आठवड्याला चारशे किलोमीटर पळते, जिचं ऑइल गरम होतं, ताजं असतं, तिच्यात? का जी सहा-सहा महिने कव्हराखाली सुम्मनं उभी, आणि रविवारी पान खायला जाऊन आली, तिच्यात? उभ्या गाडीत रबर वाळतं, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, बॅटरी मरते, टायर एकाच बाजूवर बसून कडक होतात. मीटर मात्र १९ हजारच दाखवतो. मीटरला काय तर चाकं कळतात, वर्षं कळत नाहीत.

म्हणून दात कसे बघायचे ते ऐक.

एक म्हणजे तास. या गाडीच्या इंजिन कंट्रोलरमध्ये किलोमीटर सोडून इंजिन किती तास चाललं ते साठवलेलं असतं. ड्युरामेट्रिक नावाचं सॉफ्टवेअर आणि केबल माझ्याकडं आहे, पोर्शंचं काम करणाऱ्या कुठल्याही चांगल्या माणसाकडं असतंच. तास काढ, किलोमीटरला त्यानं भाग. हायवेवर चाललेली गाडी ताशी ४०-५० दाखवेल. शहरातली २०-२५. त्याच्या खाली आली तर एकतर गाडी नुसती उभ्या-उभ्या चालू ठेवलेली आहे, नाहीतर मीटरला कुणीतरी हात लावलाय. माझी आज ४३ वर आहे. त्याच मेमरीत इंजिन फिरायच्या मर्यादेबाहेर किती वेळा गेलं आणि कितव्या तासाला गेलं तेही असतं. तिसऱ्यातून चौथा टाकायला गेला आणि चुकून दुसरा पडला की इंजिन किंचाळतं, ते तिथं लिहून ठेवलेलं असतं. मालक विसरतो, कंट्रोलर विसरत नाही.

दुसरं, ऑइल फिल्टर. आत कागदाची घडी-घडीची नळी आहे. मालकाला म्हण, ऑइल बदलायचा खर्च माझा, पण जुना फिल्टर मला पाहिजे. ब्लेडनं दोन्ही टोकं काप, कागद उघडून वर्तमानपत्रावर पसर, आणि उन्हात धर. नुसतं काळं ऑइल असेल तर हात पूस आणि चहा पी. चमचम दिसली तर चुंबक लाव. चिकटलं तर लोखंड, म्हणजे बेअरिंग नाहीतर चेन. चिकटत नाही आणि चमकतंय तर ॲल्युमिनियम. तपकिरी प्लॅस्टिकचे नखाएवढे तुकडे सापडले तर चेनचे गाईड झिजलेत. एक-दोन कण या वयाच्या इंजिनात मी माफ करतो. चिमूट भरली तर गाडी तिथंच ठेवून एसटीनं ये.

तिसरं, टायरच्या बाजूवर चार आकडी शिक्का असतो. ३११४ म्हणजे २०१४ चा एकतिसावा आठवडा. मुंबईच्या गाडीचे हे आकडे वाचून मला कळव. तिचं खरं आयुष्य तिथं लिहिलंय.

आणि हो, व्यापाऱ्यानं गाडी आधीच तापवून ठेवली होती हे तू सहज लिहून गेलास, पण तुझ्या अख्ख्या प्रश्नात कामाची गोष्ट तीच आहे. या इंजिनावर एक हवा-ऑइल वेगळं करणारा डबा असतो. त्यातला पडदा फाटला की थंड इंजिन चालू करताना मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा ढग येतो. थंड इंजिन चेनचा आवाजही लपवत नाही. तापलेली गाडी दाखवणारा माणूस काहीतरी झाकतोयच असं मी म्हणत नाही. पण मी दुसऱ्या दिवशी पहाटे न सांगता गेलो असतो.

आता आपल्या भागात वापरायचं म्हणजे काय. या गाडीचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत आहेत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, त्यांच्या पुढं एसीचे कंडेन्सर. बंपरची तोंडं उघडी. जर्मनीत त्यात पानं जात असतील, आपल्याकडं पाचट जातं. नोव्हेंबर ते मार्च संकेश्वर ते निपाणी रस्त्यावर उसाचं पाचट उडत असतं, ते थेट आत. मी दरवर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास बंपर काढतो. पहिल्या वर्षी दोन्ही बाजूंनी मिळून अर्धी घमेली पाचट निघालं, त्यात एक चिमणीचं पीस, गुटख्याच्या पुड्या आणि कुणाच्या तरी लग्नाच्या गाडीवरचा झेंडूचा हार. ओलं पाचट तिथं कुजतं आणि ॲल्युमिनियमच्या पट्ट्या खातं. उजवीकडचा कंडेन्सर त्यानंच गेला, मी वेळेत बघितलं नाही म्हणून.

दुसरी माझीच चूक. घरासमोर आंबा आहे, गाडी त्याच्या सावलीत लावायचो. टपावरचं पाणी वाहून जायला दोन्ही बाजूंना भोकं आहेत, ती मोहोरानं गच्च झाली. जूनमध्ये पहिला मोठा पाऊस, मी कणकुंबीहून परत येतोय, आणि जांबोटीच्या वळणावर ब्रेक दाबला तशी सीटखालनं पाण्याची लाट पायावर आली. खालचा गालिचा पिळून काढला तर बादली भरली. सीटखाली वायरिंग आहे, नशीब जोरावर म्हणून वाचलं. आता गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी गाडीतच असते, दर महिन्याला भोकांतून फिरवतो. आंबा तोडला नाही. गाडी पलीकडं लावतो.

दुरुस्ती कोण करतं म्हणालास. ऑइल, ब्रेक, पाण्याचा पंप, कॉइल, सस्पेन्शनचे बुश हे मी आणि आमचा एक पोरगा कारखान्यातच करतो, हायड्रॉलिक प्रेस आहेच. पार्ट पोर्शंच्या खोक्यातच घ्यायचे असं काही नाही. क्लच सॅक्सचा, फिल्टर माहलेचा, खोकं वेगळं आणि किंमत निम्मी. ऑइल मात्र ०डब्ल्यू-४०, पोर्शंची ए४० मान्यता असलेलंच, जवळजवळ आठ लिटर लागतं, आणि मी ८ हजारला बदलतो, पुस्तक काहीही म्हणो. इंजिनच्या आतलं काम आलं तर बेंगळुरू किंवा मुंबई, त्याला इलाज नाही.

खर्चाची वही ठेवलीय. पेट्रोल आणि विमा सोडून नऊ वर्षांत ९ लाख ८० हजार. त्यात क्लच, पंप, पाण्याची टाकी (वयानं प्लॅस्टिक तडकतं), सहाही कॉइल, पुढचे आर्म, टायरचे तीन सेट, तो कंडेन्सर. किलोमीटरला बारा रुपये आणि वर चिल्लर. पेट्रोल साडेनऊचं ॲव्हरेज. स्विफ्टवाल्याला हे वाचून चक्कर येईल. यावी.

———

शहापूरचा जळलेला

लेथवाल्या काकांचं सगळं खरं, पण त्यांच्याकडं प्रेस आहे, लिफ्ट आहे, हात आहेत. माझ्याकडं यातलं काही नव्हतं. माझं साडीचं दुकान आहे.

मीही एक दोन सीटची जर्मन गाडी घेतली होती, कुठली ते सांगत नाही. १ लाख २० हजार झालेली, फाइल होती, फाइल मी वाचली नाही. फाइल आहे म्हणजे गाडी चांगली असं समजलो. नंतर नीट बघितलं तर निम्मी बिलं धुलाईची आणि पॉलिशची. तिसऱ्या महिन्यात गिअरबॉक्स बडबडायला लागला. एका गॅरेजवाल्यानं उघडला, दोन आठवडे म्हणाला, चार महिने ताडपत्रीखाली होती, आणि परत मिळाली तेव्हा दोन स्क्रू डॅशबोर्डवर पिशवीत बांधून ठेवलेले. “हे उरले,” म्हणाला. शेवटी निम्म्या किमतीत दिली. बायकोनं अजून विषय काढला नाही, हेच जास्त लागतं.

तर माझं म्हणणं एवढंच: स्विफ्ट विकू नको. पाच लाख बाजूला असल्याशिवाय पहिली गाडी घेऊ नको. आणि फाइलमधलं प्रत्येक बिल किलोमीटरप्रमाणे लावून बघ. पाण्याचा पंप कधी, क्लच कधी, ब्रेक ऑइल कधी. मधे दोन वर्षांची भगदाडं असतील तर त्या दोन वर्षांत काय झालं ते विचार.

लेथवाल्या काका, अशा कामाला बाहेरची गाडी घेता का हो?

———

उद्यमबागचा लेथवाला

घेत नाही. पण बघून सांगतो, चहावर.

———

चिकोडी फॉर्म २८

गाडीतलं मला कळत नाही, कागदातलं कळतं.

दोन्ही गाड्या महाराष्ट्र पासिंगच्या असणार. तुम्ही निपाणीत, म्हणजे कर्नाटकात, केए-२३. आपल्याकडं निम्मं गाव एमएच-०९ ची पाटी लावून फिरतंय म्हणून तुम्हीही फिरवाल, तर सांगून ठेवतो: मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ नुसार बारा महिन्यांच्या वर दुसऱ्या राज्यात ठेवली की नवीन नंबर घ्यावाच लागतो. कोगनोळी नाक्याजवळ अशी गाडी कुणी स्विफ्टसारखी सोडून देणार नाही, लांबून दिसते.

आधी तिकडून एनओसी, फॉर्म २८. मग इकडं नाव बदलायला २९ आणि ३०, नवीन नंबराला २७. कर्नाटकाचा आजीवन कर नव्यानं भरावा लागतो, तो गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयाच्या टप्प्यानुसार. १९ लाखांना मिळाली म्हणून १९ वर नाही, हे लोकांना काउंटरवर कळतं आणि तिथंच वाद घालत बसतात. एवढ्या जुन्या गाडीला तिकडच्या कराचा काही परतावा मिळतो का ते आधी विचारा. मिळत असेल तर तो हातात येईपर्यंत चपला झिजवायची तयारी ठेवा.

आता महत्त्वाचं. २००८ ची गाडी म्हणजे नोंदणीची पंधरा वर्षं २०२३ मध्येच संपली. आरसीवर वैधतेची तारीख बघा. नूतनीकरण झालं असेल तर २०२८ पर्यंत असेल. नसेल झालं तर फिटनेससह ते आधी मालकाला करायला लावा. एप्रिल २०२२ पासून साध्या कारला ५ हजार आहेत, पण आयात केलेल्या कारला ४० हजार. ऑगस्ट २०२५ च्या नियमानं वीस वर्षांवरच्या आयात कारला ८० हजार झाले, म्हणजे २०२८ ला तुम्हाला तोच आकडा. भाव करताना हे धरा. विमा कंपनीलाही आधी विचारा, एवढ्या जुन्या गाडीला नुसता थर्ड पार्टी देऊन वाटेला लावतात.

———

निपाणीचा गडी

बारा दिवसांनी परत आलो. उशिराबद्दल माफी, दोनदा मुंबई-पुणे झालं.

मुंबईला पहाटे साडेसहाला गेलो, न सांगता. वॉचमन म्हणाला साहेब दहाला येतात. बसून राहिलो. व्यापारी आला, मला बघून त्याचा चेहरा पडला असं मला वाटलं, कदाचित झोपेतून उठून आला असेल. गाडी थंड चालू केली. धूर आला. ढग नाही, पण हातभर आला आणि अर्ध्या मिनिटानं गेला. टायरवर ३११४ नाही, २२१३. म्हणजे बारा वर्षांचे टायर. ओळखीचा एकजण केबल घेऊन आला होता, त्यानं तास काढले: १,४८०. मी तिथंच मोबाइलवर भाग दिला, ताशी १२.८ आला. परत दिला, तेवढाच. व्यापाऱ्याला विचारलं तर म्हणाला डॉक्टरसाहेब एसी लावून गाडीत बसायचे. बसतही असतील. मुंबईत घरं लहान असतात.

पुण्याची: २,३१० तास. १ लाख ४ हजार भागिले तेवढे, ताशी ४५. इंजिन मर्यादेबाहेर गेल्याच्या नोंदी, किती बाहेर गेलं त्या पायऱ्यांनी असतात त्या, पहिल्या दोन पायऱ्यांत थोड्या, वरच्या पायऱ्यांत काहीच नाही. फाइल रात्री लॉजवर बसून किलोमीटरप्रमाणे लावली, शहापूरकरांनी सांगितलं तशी. पाण्याचा पंप ८१ हजारला. क्लच कधीच नाही. २०२० ते २०२१ भगदाड आहे, पण ते लॉकडाऊनचं. आरसी २०२८ पर्यंत.

फिल्टर मी पुण्यात कापलाच नाही. पिशवीत गुंडाळून घरी आणला आणि बाबांसमोर दुकानाच्या काउंटरवर उघडला. बाबांनी आधी नाक मुरडलं. मग जुन्या स्पीकरचं चुंबक स्वतःच शोधून आणलं, चष्मा पुसला, आणि कागदाची एक-एक घडी उघडून चुंबक फिरवत बसले, जसे बैलाच्या ओठात बोट घालून बसतात तसे. वीस मिनिटं. दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांनाही बघायला लावलं. तपकिरी प्लॅस्टिकचा एक कण निघाला, चुंबकाला काही नाही. शेवटी कागद गुंडाळला आणि म्हणाले, “औताला चालेल. अठराला माग.”

अठरा दहाला ठरलं. स्विफ्ट ठेवलीय. पाच नाही, साडेतीन लाख बाजूला आहेत.

काल पहिल्यांदा बेळगावला घेऊन आलो. वंटमुरीच्या उतारावर टप उघडला होता, होनग्याला पोचेपर्यंत शर्टात धूळ आणि तोंडात एक कीटक. क्लचचं पेडल जड वाटतंय, आणि मधे एकदा पाण्याच्या तापमानाचा काटा नेहमीच्या जागेपासून थोडा वर गेला, मग उतरला. लेथवाले काका, बघाल का? चहावर.

———

उद्यमबागचा लेथवाला

काटा वर जाऊन उतरला तर आधी पाचट बघू, मग पंखे. पंख्याचे रेझिस्टर गेले की कमी वेगाचा पंखा चालत नाही, नुसता जोराचाच लागतो, ते इथंच होतं. तोपर्यंत टाकीतलं पाणी रोज सकाळी थंड असताना बघ, तापल्यावर झाकण उघडू नको. पेडल जड म्हणजे क्लच संपत आलाय. १ लाख ४ हजारला पहिलाच असेल तर त्यानं पैसे वसूल करून दिलेत. क्लचला गिअरबॉक्स उतरेल तेव्हा ते सीलही काढून टाकू.

शुक्रवारी दुपारनंतर ये, प्रेस रिकामा असतो. येताना टॉर्क्सचा सेट आण, माझा कुणीतरी नेलाय. बाबांनाही आण. चुंबक आहे इथं.